गुडघाभर समुद्र

अल्बनी, ऑकलंड
१० मार्च २०२५

प्रिय अनू,

काल व्हिडिओ कॉलवर तू अगदी सहज म्हणालीस, "बरं, जाऊ या सप्टेंबरात," आणि मी सगळ्यांसमोर नुसतं "अरे वा" म्हणून गप्प बसले. आतून मात्र अशा उकळ्या फुटत होत्या की इराने विचारलंच, "आजी, व्हाय आर यू स्मायलिंग अ‍ॅट द टोस्टर?"

कॉल सगळ्यांचा, पत्र आपलं, मग ते ईमेलने का जाईना, हा आपला नियम. म्हणून आज अक्षत-वल्लरी ऑफिसला आणि इरा शाळेत गेल्यावर निवांत लिहायला बसले आहे. आता खरं सांग, तुला झालंय काय? नववीत आर्किमिडीजच्या धड्याला, तो न्हाणीघरातून तसाच पळत सुटला म्हणून आपण फिदीफिदी हसलो, बाईंनी वर्गाबाहेर काढलं आणि तिथे भिंतीला टेकून आपण ठरवलं की एकदा त्याच्या गावाला जायचंच. तेव्हापासून मी विचारतेय आणि तू कारणं देतेयस. आधी तुझ्या वल्लरीची दहावी, मग तुझ्या शाळेतल्या परीक्षा, मग मधुकररावांचं आजारपण. ते गेल्यावर मी विचारायचंच सोडलं. जन्मभर इतिहास शिकवलेली बाई इटलीतल्या सिराक्यूजला जायला एवढी का कचरते, हे कोडं मला कधी सुटलं नाही. पाण्याला भितेस हे ठाऊक आहे, पण गाव बघायला पोहावं लागत नाही.

मी मात्र पोहणार आहे. हसू नकोस. जानेवारीपासून इथल्या पूलवर शिकायला जाते. पोहायच्या कपड्यांना इथे टॉग्ज म्हणतात. दुकानातल्या पोरीने विचारलं, "नातीसाठी का?" मी म्हटलं, "आजीसाठी, आणि गडद निळे दाखव." शिकवणारी मेरे माओरी आहे. "किया ओरा, वासंती" असं इतकं गोड म्हणते की वाटावं, आता चहा देणार. मग पाऊण तास काठावरून ओरडते.

ऑर्तिजिया म्हणजे त्या शहराचा जुना भाग, बेटावर आहे, पुलावरून जायचं. तिथे मी दोन खाटांची एक जागा बघून ठेवली आहे. एका खाटेशेजारच्या खिडकीतून समुद्र दिसतो. ती खाट माझी. बाकी देवळं, थिएटरं, खांब तुला हवे तितके बघू, मी तक्रार करणार नाही. माझी एकच अट. बसने तासाभरात फोंताने बियांके म्हणून वाळूचा किनारा आहे, पाणी उथळ. तिथे तू गुडघाभर पाण्यात यायचंस. हात मी धरते.

तुझी,
वासू


पुणे
२१ मार्च २०२५

प्रिय वासू,

तुझं पत्र दोनदा वाचलं. टोस्टरपाशी हसणारी तू डोळ्यांसमोर उभी राहिलीस.

मला काही झालेलं नाही. पासष्टी जवळ आली, गुडघे अजून ऐकतात, एवढंच. तू म्हणतेस ती जागा छान आहे, घेऊन टाक. खिडकीकडची खाट तुझी, मला तसाही वारा सोसत नाही. तिथलं कॅथेड्रल बघायची मला खरी ओढ आहे. अथेनाचं देऊळ होतं, त्याचे खांब तसेच ठेवून मधल्या जागा भिंतींनी भरल्या आणि चर्च केलं. आणि गावाबाहेर दगडाच्या खाणीत एक उंच गुहा आहे. तिला डायोनिशियसचा कान म्हणतात. तिथे कैदी ठेवायचे आणि त्यांची कुजबुज वर बसलेल्या राजाला ऐकू यायची, अशी कथा आहे. खरी असो-नसो, मी मुलांना दरवर्षी सांगायचे.

आता माझं ऐक. एवढ्या लांब जायचं आणि पंधरा दिवसांत परत फिरायचं हे पटत नाही. सिराक्यूजहून तू माझ्याबरोबर पुण्याला चल. दिवाळी इथेच कर. नंतरही राहिलीस तर तुला कोण हाकलतंय? परतीच्या तिकिटाची घाई करू नकोस, ते मागाहून काढता येतं. आणि तुझा बाळकृष्ण सोबत आण. पोरं दिवसभर बाहेर, त्याला नैवेद्य कोण दाखवणार?

पाण्याचं बघू. वचन देत नाही.

तुझी,
अनू


अल्बनी
४ मे २०२५

प्रिय अनू,

मी तरंगले! उताणी, हात पसरून, पूर्ण छत मोजून होईपर्यंत. मेरे ओरडायची थांबली, यावरून काय ते समज. ती म्हणते, पाण्याशी भांडू नकोस, त्याच्यावर मान टाक. मान टाकणंच मला जमत नव्हतं. तीस वर्षं औषधाच्या दुकानात उभी राहिलेली बाई, प्रत्येक चिठ्ठी दोनदा वाचायची सवय. विश्वास टाकायचा म्हणजे काय, हे अंगाला माहीतच नव्हतं. आता आलं.

दिवाळीचा बेत मला फार आवडला. इथे आले तेव्हा पुण्याचं घर मोडून आले, त्यामुळे गेली आठ वर्षं पुण्यात माझं असं काही नाही हे आत कुठेतरी खुपतं. तू "माझ्याबरोबर चल" म्हणालीस आणि बरं वाटलं. तुला सांगू, आपली मुलं एकमेकांच्या प्रेमात पडली तेव्हा मी आधी घाबरले होते. शाळेपासूनची मैत्रीण विहीण झाली की संपलंच, असं सगळे म्हणत होते. लग्नात विहिणींची पंगत बसली, तुम्ही मला चांदीच्या ताटात वाढलंत, तू मला "या विहीणबाई" म्हणालीस आणि दोघींना हसू आवरेना. त्याच दिवशी कपडे बदलायच्या खोलीत ठरवलं, की मुलांच्या संसारात काहीही होवो, आपण विहिणी व्हायचं नाही. तू ते पाळलंस, मीही पाळलं.

इकडे पोरांनाही सहलीचं माझ्यापेक्षा जास्त कौतुक. अक्षतने तारखा स्वतः सुचवल्या. "आई, घाई करू नको, हीप्स ऑफ टाइम घे," म्हणतो. जन्मात पहिल्यांदा त्याला माझी सुट्टी महत्त्वाची वाटली. वल्लरीने तर साफसफाईचा धडाका लावलाय. गॅरेज रिकामं केलं, जुन्या वस्तू दान-दुकानात दिल्या, हॉलला पांढरा रंग काढला. मी म्हटलं, "अगं, थंडीच्या तोंडावर कशाला?" तर म्हणाली, "फ्रेश वाटतं, आई." तुझी लेक आहे, डोक्यात आलं की आलं.

तुमच्या वरच्या मजल्यावरचा प्रसाद महिनाअखेरीस सुट्टीहून परत येतोय ना? माउंट वेलिंग्टनला ऑफिस आहे त्याचं, पण बिचारा दर वेळी अल्बनीपर्यंत येऊन सामान देऊन जातो. त्याच्याबरोबर थालीपिठाची भाजणी पाठव. आणि तू टॉग्ज घेतलेस का?

तुझी,
वासू


पुणे
२६ मे २०२५

प्रिय वासू,

घाईत लिहिते आहे, प्रसाद उद्या निघतोय. भाजणी दिली आहे. भाजलेली आहे, बाहेर चिठ्ठी लावली आहे, त्यामुळे तुमच्याकडच्या विमानतळावर अडवणार नाहीत. एक लाल कापडात बांधलेलं पुडकं वल्लरीसाठी आहे. ते तसंच तिच्या हातात दे. तू सोडू नकोस, आई-लेकीचं काहीतरी आहे.

माझा व्हिसा झाला. सिराक्यूजजवळच्या कटानियाच्या विमानतळावर माझं विमान तुझ्या आधी उतरतं. मी तिथेच थांबते, एकटी बसमध्ये चढणार नाही.

टॉग्ज नाहीत. सलवार चालेल.

तुझी,
अनू


अल्बनी
११ जून २०२५

अगं चोरटे!

आता लपवून उपयोग नाही. सगळं कळलं. कसं कळलं ते ऐक.

परवा प्रसाद आला. दारातच अपराधी चेहरा. "मावशी, सॉरी. भाजणी आणली, पण काकूंच्या लाल पुडक्यात सात पुड्या धान्याच्या होत्या. मी डिक्लेअर केलं म्हणून वाचलो. त्यांनी धान्य काढून घेतलं." मी म्हटलं, "सात पुड्या? कसल्या?" तर म्हणतो, "गहू, जव, तीळ, मूग असं काय काय. इथे सीड्स आणायचीच नसतात ना. पुडकं त्यांनी सोडून बघितलं, ते तसंच आहे, मला बांधता नाही आलं. आणि ऑफिसर विचारत होता, हा छोटा माणूस कोण? मी म्हटलं, आय हॅव नो आयडिया, मेट."

छोटा माणूस! अनू, मी दिलेला शब्द मोडला नाही, पुडकं सरकारने सोडलं. आत पंचरत्नांची डबी, खण, आणि सोन्याचा पत्रा चढवलेली वास्तुपुरुषाची प्रतिमा. शेजारी सप्तधान्य होतं म्हटल्यावर आणखी काय सांगायला हवं? इतकी वर्षं मुलांना रोमन आणि ग्रीक शिकवलेस, पण न्यूझीलंडमध्ये तिळाचा दाणासुद्धा आत सोडत नाहीत हे तुला माहीत नाही. वास्तुशांत म्हटल्यावर सप्तधान्य तिकडच्या दुकानात मिळतं की नाही, ही चिंता फक्त आईलाच पडते.

म्हणजे पोरं नवीन घर घेतायत! गॅरेज का आवरलं, रंग का काढला, हे मला आत्ता उमगलं. हे घर विकणार. आणि सप्टेंबरात मी पासष्टची होते, तेव्हा मला सरप्राइज. मी सिराक्यूजला असताना सामान हलवायचं, आणि आल्यावर मला हात धरून नव्या घरात न्यायचं, असंच ना? तुलाही कटात घेतलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, तरीच हल्लीची तुझी पत्रं अशी आखूड.

मी कुणालाही कळू देणार नाही. फक्त तू हळूच त्यांच्या कानावर घाल: माझी खोली खालच्या मजल्यावर असू दे, जिना आता नको वाटतो. आणि स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी असली तर बाळकृष्णाला ऊन मिळेल. बाकी मला काही नको.

आज पूलवर मी एक पूर्ण फेरी मारली. आनंदाने माणूस हलकं होतं, ते आर्किमिडीजला सुचलं नव्हतं.

तुझी,
वासू


पुणे
१२ जून २०२५

प्रिय वासू,

पुडकं वल्लरीला देऊ नकोस. तुझ्याकडेच ठेव. मुलांना काही विचारू नकोस, काही बोलू नकोस. मी सगळं सांगेन, पण पत्रात नाही. सिराक्यूजला समुद्राकाठी बसून सांगते. एवढं माझं ऐक.

अनू


अल्बनी
२९ जून २०२५

अनू,

तुझं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, सरप्राइज फुटू नये म्हणून तुझी धडपड चालली आहे. कौतुक वाटलं मला तुझं.

आठवडाभर गप्प बसले. मग वल्लरीच मला विचारायला आली, "आईने प्रसादबरोबर माझ्यासाठी काही पाठवलं होतं का?" मला राहवलं नाही. मी तिला खुर्चीवर बसवलं, ताम्हनात तो लाल खण, ती डबी आणि प्रतिमा ठेवली, हळदकुंकू लावलं, ओटी भरली. म्हटलं, "वेडे, नवं घर झालं ते आईपासून लपवतात होय?" ती रडायला लागली. मला वाटलं, आनंदाने रडतेय. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते, अनू. तुझ्या लेकीच्या पाठीवरून.

संध्याकाळी अक्षत आला. म्हणाला, "आई, जरा बस." घर ब्रिस्बेनला आहे. तिकडे त्याला मोठी नोकरी मिळाली, तीही जानेवारीतच ठरली. घरात तीन खोल्या: त्यांची, इराची आणि त्याच्या ऑफिसची. हे घर सप्टेंबरात विक्रीला लावायचं. ओपन होमला लोक बघायला येणार, दर रविवारी आईला बाहेर कुठे बसवायचं, सामान हलताना तिला त्रास नको, म्हणून तेवढे दिवस आई सिराक्यूजला. मी विचारलं, "आणि नंतर?" तर म्हणाला, "अनूआईकडे. सहा महिने राहा. मग बघू." लहानपणी तो सायकल मागायचा तेव्हा मी त्याला हेच सांगायचे, मग बघू. ती सायकल आम्ही कधी घेतली नाही.

मी इथली नागरिक आहे. ऑस्ट्रेलियात जाऊन राहायला मला कुठल्याही कचेरीची परवानगी लागत नाही. मुलाची लागते, हे मला नव्याने कळलं. "अनूआईशी सगळं बोलणं झालंय," तो म्हणाला. "ती खूश आहे. इट्स ऑल सॉर्टेड, आई." इरा जिन्यात उभी होती. ती म्हणाली, "बट आजी कॅन स्विम नाऊ. देअर्स अ पूल."

मुलांचं मी गिळीन. आपलेच दात, आपलेच ओठ. त्यांना संसार आहे, भीती आहे, आईला तोंडावर सांगायची हिंमत नाही. पण तू? तुझी सगळी पत्रं मी पुन्हा काढून वाचली. परतीच्या तिकिटाची घाई करू नकोस. बाळकृष्ण सोबत आण. दिवाळीनंतर कोण हाकलतंय. देवासकट माझं सगळं बिऱ्हाड हलवायचं होतं तुला, आणि मी त्याला माया समजले. त्या गुहेचं तूच लिहिलंस ना, खाली कैदी कुजबुजतात आणि वर राजा ऐकतो? मी इथे बसून टॉग्जच्या आणि खिडकीच्या खाटेच्या गप्पा मारत होते आणि तू वर बसून ऐकत होतीस.

सगळ्यात काय जळतं सांगू? पन्नास वर्षं मी विचारलं तेव्हा तुझं "नाही" होतं. पोरांनी एकदा विचारलं आणि तू हो म्हणालीस. ती सहल माझी नव्हतीच. सामान हलेपर्यंत म्हातारीला कुठेतरी बसवायचं होतं, ती जागा तुम्ही माझ्या स्वप्नातून काढलीत. केसाने गळा कापलास, अनू.

वासंती


पुणे
६ जुलै २०२५

वासू,

तू रागाव, शिव्या दे. पण वाच.

जानेवारीत वल्लरीचा फोन आला. खूप रडत होती. म्हणाली, आईंना कसं सांगू, त्या आमच्यासाठी सगळं सोडून आल्या. मी म्हटलं, सरळ सांगा. ती म्हणाली, अक्षत नको म्हणतो, आई नाही म्हणाली तर सगळंच अडेल. मी दोनदा सांगून पाहिलं. मग तिने विचारलं, "तू ठेवून घेशील का त्यांना?" आणि खरं सांगते, त्या क्षणी मला तुझं दुःख दिसलंच नाही. मला आनंद झाला.

मधुकर गेल्यापासून मी या घरात कशी राहते, तुला माहीत नाही. कॉलवर मी केस विंचरून बसते, तेवढंच तुम्हाला दिसतं. दुपारी कुणाशी तरी बोलावं म्हणून मी लिफ्टमधून उगाच वर-खाली करते आणि लोकांना विचारते, कितव्या मजल्यावर? लोक आता ओळखून हसतात. तू येणार म्हटल्यावर मी मधली खोली रिकामी केली, तुला आवडतो तसा पोपटी रंग काढला. पूर्वेची खिडकी आहे त्या खोलीला. तुझं पत्र वाचलं तेव्हा मी त्या खिडकीपाशी जाऊन खूप रडले.

मी सहलीला हो म्हटलं ते पोरांसाठी नव्हे. स्वतःसाठी म्हटलं. हे कमी वाईट आहे की जास्त, मला कळत नाही. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. मला तुझ्या स्वभावाची धास्ती होती. आणि वासू, तिकडे तुझं आहे तरी काय? दिवसभर रिकाम्या घरात बसून त्यांची वाट बघायची. इथे माणसं आहेत, भाषा आहे, मी आहे. रागाचा भर ओसरला की तुलाही पटेल.

सिराक्यूज रद्द करू नकोस. तिथे समोर बसवून मला हवं ते बोल. मी पाण्यात येईन. गुडघाभर काय, तू म्हणशील तिथवर येईन. शपथ.

तुझीच,
अनू


ब्राउन्स बे, ऑकलंड
२४ ऑगस्ट २०२५

श्रीमती अनुराधाताई यांस,
सप्रेम नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, राग मानू नये. मध्यंतरी घर हलवायचं होतं. वरचा पत्ता माझा आहे. मेरेच्या आत्याच्या घरामागे एक खोली आणि छोटं स्वयंपाकघर आहे, तिथे मी राहायला आले. समुद्र चालत पाच मिनिटांवर. कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इकडच्या वाण्याच्या दुकानात, मेथी मिळते. तुम्ही विचारलं होतंत, तिकडे तुझं आहे तरी काय. शोधायला मलाही थोडा वेळ लागला.

मुलं पुढच्या आठवड्यात ब्रिस्बेनला जातील. अक्षत येऊन गेला. म्हणाला, "आई, तूही चल, ऑफिसची खोली तुला देतो." जागा करता येते हे त्याला मी दुसरीकडे जागा घेतल्यावर सुचलं. मी त्याला जेवायला वाढलं, आणि नाही म्हटलं. इरा दर सुट्टीत माझ्याकडे येणार आहे. तिने स्वतःच ठरवलं, मराठीत. "आजी, मी येणार," एवढंच, पण मराठीत.

त्या दिवशी ताम्हनातच राहिलेली वास्तुपुरुषाची प्रतिमा तुमच्या लेकीकडे सुपूर्द केली आहे. सप्तधान्य ब्रिस्बेनलाही बाहेरून न्यायला मिळायचं नाही, ते तिथल्याच दुकानातून घ्यायला सांगितलं. देण्याआधी ती प्रतिमा हातात धरून मी थोडा वेळ बसले होते. वास्तुपुरुषाला आग्नेयेच्या कोपऱ्यात पालथा पुरतात, तोंड जमिनीकडे. ज्याच्या पाठीवर घर उभं करायचं त्याला ते घर दिसू द्यायचं नाही. लहानपणापासून बघत आले, कधी विचार केला नव्हता.

तुम्ही लिहिलंत, विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. असेलही. ते "नाही" माझं होतं. किंवा दोन दिवस आदळआपट करून मी हो म्हटलं असतं, आणि तुमच्या पोपटी खोलीत सुखाने राहिले असते. तुम्ही एकट्या आहात, हे तुम्ही मला एका ओळीने जरी लिहिलं असतंत, तरी मी पोहणं अर्धवट टाकून पुढच्या विमानाने आले असते. ते तुम्ही लिफ्टमधल्या लोकांना कळू दिलंत, मला नाही. याचं दुःख मला घराच्या दुःखापेक्षा जास्त आहे, आणि ते ओसरेल असं वाटत नाही.

मी सिराक्यूजला जाते आहे. त्याच तारखांना, कारण त्या तारखा माझ्या आहेत. परतीचं तिकीट काढलं आहे, ऑकलंडचं. बाळकृष्ण इथेच राहील, मेरेची आत्या त्याला रोज फूल वाहणार आहे. आपण ठरवलेली जागा तुमच्या नावावर केली आहे. खिडकीकडची खाट आता तुमची, वारा सोसत नसेल तर तावदान लावून घ्यावं. माझी उतरायची सोय मी बेटाच्या दुसऱ्या टोकाला केली आहे. कटानियाला कृपया माझ्यासाठी थांबू नये. बस विमानतळाच्या बाहेरूनच सुटते आणि चढायला अवघड नाही.

बेट लहान आहे, कुठे ना कुठे गाठ पडेलच. कॅथेड्रलच्या त्या खांबांपाशी भेटलो तर विहिणी भेटतात तशा भेटू. मी कुशल विचारीन, तुम्ही कुशल सांगा.

एक सांगायचं राहिलं. मी आता समुद्रात पोहते. परवाच सकाळी इथल्या खाडीत उतरले, पाणी बर्फासारखं होतं, मेरे काठावर उभी होती पण ओरडली नाही. फोंताने बियांकेला मी जाणार आहे. तुम्ही आलात आणि पाण्यात उतरावंसं वाटलं, तर जरूर उतरा. गुडघाभरच आहे. मात्र हात धरायला दुसरं कोणीतरी बघा.

आपली विहीण,
वासंती